सुपात उभे राक्षस

ललिता गावित दातांना रंग देते. खोट्या दातांना.

शहरातले डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, सातपूरच्या लॅबमध्ये कॅप तयार होते आणि सगळ्यात शेवटी ललिताच्या टेबलावर येते. नुसता पांढरा दात लगेच खोटा वाटतो. हिरडीपाशी जरा पिवळसर, टोकाला जरा धुरकट, मध्ये दिसेल न दिसेल अशी एखादी रेघ. एवढं केलं की तो माणसाचा होतो. नाशिकमध्ये कितीतरी लोक तिच्या हातचं हसतात, आणि त्यांना ते ठाऊकही नसतं.

रविवारी ती राक्षस रंगवते.

"दिवसभर दात, सुट्टीच्या दिवशी सुळे," असं तिचा नवरा ज्ञानेश म्हणतो. पण टेबलाजवळचा दिवा बिघडला की तोच मुकाट्याने दुरुस्त करतो.

हे खूळ तिच्या घरात आलं ते रुद्रमुळे. रुद्र त्याच लॅबमध्ये कॉम्प्युटरवर दातांचे आराखडे काढतो. घरी त्याच्याकडे छोटं मशीन आहे, त्यातून तो रेझिनचे योद्धे काढतो. अंगठ्याएवढे. ढाली, तलवारी, शिंगं, शेपट्या, सगळं त्यात आलं. एकदा त्याने असाच एक योद्धा डब्यात घालून लॅबमध्ये आणला. रंगवताना त्याच्या तोंडाचा पार चिखल झाला होता.

"ललिताताई, तुमचा तो बारीक ब्रश द्या ना. तीन शून्यांचा."

"ब्रश नाही मिळणार. बाहुली दे इकडे."

जेवणाच्या सुट्टीत तिने तोंड पुसून पुन्हा रंगवलं. ओठाखाली सावली दिली, गालाच्या हाडावर एक फिकट ठिपका ठेवला. रुद्र बघत राहिला. योद्धा कुणावर तरी चिडलेला दिसत होता.

पुढच्या रविवारी तो तिला गंगापूर रोडवर एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेला. तिथे एक मोठं टेबल, त्यावर थर्माकोलचे डोंगर आणि पडके बुरूज. दोन बाजूंनी दोन सैन्यं. मेजरटेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, कोण मेलं ते ठरवायचं. भोवती कॉलेजातली पोरं, दोन इंजिनियर, एक चार्टर्ड अकाउंटंट. खेळ ललिताला पहिल्या दिवशी फारसा कळला नाही. एक नियम मात्र पटला. रंग अपुरा असलेली किंवा पायाखाली जमीन नसलेली बाहुली टेबलावर चढत नाही. जमीन म्हणजे बेस. रुपयाएवढी चकती, तिच्यावर माती, दगड, गवत. योद्धा चकतीवर नुसता उभा असून चालत नाही. तो कुठेतरी उभा असावा लागतो.

दोन वर्षं तिने इतरांची सैन्यं रंगवली. मग दिवाळीनंतर रुद्रने एक खोकं तिच्यासमोर ठेवलं.

"हे तुमचं. आता दुसऱ्यांचं बास. होळीच्या आधीच्या रविवारी माझ्याशी लढायचं."

खोक्यात राक्षस होते. बारके पुष्कळ, आणि एक मोठा, मुठीएवढ्या उंचीचा. सुळे, शिंगं, बटबटीत डोळे. त्यांना कोणता रंग द्यायचा याचा ललिताला क्षणभरही विचार करावा लागला नाही. ती असेच राक्षस बघत मोठी झाली होती.

तिचं गाव पेठच्या पलीकडे, घाट उतरल्यावर. तिथे होळी झाली की चैत्रात बोहाडा होतो. गावातली माणसं देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून, टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर नाचतात. प्रत्येक मुखवट्याला सोंग म्हणतात आणि प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराचा. ही सगळी सोंगं ललिताचा बाप रंगवायचा. पुंजा गावित. कागदाचा लगदा, मेथीचं पीठ, वर रंग. सगळं झालं की शेवटी डोळे रंगवायचे, म्हणजे 'उघडायचे'. त्यांच्या घरात एक रीत होती. डोळे उघडले की सोंग जमिनीवर टेकवायचं नाही. सुपात नागली, म्हणजे नाचणी, पसरायची आणि तिच्यात ते उभं करायचं.

गेल्या पाच-सहा वर्षांत पुंजाच्या हातात एक नवाच निळा आला होता. आधी त्याचा रावण काळपट निळा असायचा. मग तो उजळत गेला. टेंभ्याच्या उजेडात तो रावण बाहेर आला की पुढची पोरं मागच्यांच्या पायांवर बसायची. ललिताने आपल्या राक्षसांसाठी तोच निळा धरला. तो जमायला तिला महिना लागला.

बारके राक्षस तिने पुरे केले. मोठ्या राक्षसाचे डोळे तेवढे कोरे ठेवले. बा डोळ्याच्या ऑपरेशनला यायचाच होता. तेव्हा हे डोळे तो उघडेल, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

ऑपरेशन संक्रांतीच्या आधी झालं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, पण डॉक्टरांनी आधी एकच डोळा केला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि पुंजा पेठ रोडच्या तिच्या घरात येऊन खुर्चीवर बसला. एक डोळा हाताने झाकायचा, मग दुसरा. त्याला मोठी मौज वाटत होती.

"ललिता, तुझी भिंत पिवळी हाय का?"

"पांढरी आहे, बा."

"या डोळ्याला पांढरी. ह्या डोळ्याला चहा सांडल्यावानी." तो हसला. "टोपलीतला फ्लॉवर बघ कसला धुतल्यावानी दिसतो! जावईबापू, तुमचं डोकं लय पिकलं की!"

"बाबा, तो डोळा झाका पाहू पुन्हा," ज्ञानेश म्हणाला.

मग पुंजाची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. ललिताने मोठा करून लावलेला, गेल्या बोहाड्यातला रावण. तो उठून जवळ गेला.

"हा कोणाचा रावण?"

"कोणाचा म्हणजे? तुझाच."

"माझा रावण असा नसतो."

त्याने तिला मोबाइलमधले आधीच्या वर्षांचे फोटो काढायला लावले. एकेक बघितला. आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. मग परत खुर्चीत बसला.

"मी नदीचा निळा लावत होतो," तो म्हणाला. "सांजेला नदी दिसते ना, तो. डब्यातला रंग माला मळका दिसायचा, म्हणून मी अजून निळा घालायचो. अजून घालायचो. हा तर प्लास्टिकच्या बादलीचा निळा हाय."

"चांगला दिसतो, बा."

"लोकांनी सांगितलं पण नाय. एवढी वर्षं नाचवला बादलीला."

त्या दिवसापासून त्याने रंगाचं नाव टाकलं. गावाहून सोमाचा फोन आला. रावणाचा मान सोमाच्या घराचा. ललिताने फोन स्पीकरवर ठेवला.

"पुंजा, डोळा झाला का रे? रावणाचा रंग उडालाय नाकावर. ये लवकर. अन् तोच निळा आण बरं का, पोरं इचारतात!"

पुंजाने फोन तिच्या हातात दिला.

"टिंगल करतो सोम्या. त्याला सांग, बाजारातून आण मुखवटा. पुंजाचा हात संपला."

सोमा टिंगल करणारा माणूस नव्हता. पण हे बापाला कोण पटवणार? ललिताने राक्षसांचं खोकं कपाटावर सारलं, आणि त्यावर जुनी चादर टाकली. त्यात सगळीकडे तोच निळा होता.

महिनाभर धुळीपासून जपायचं होतं. तो महिना पुंजाने काळा चष्मा लावून खिडकीत काढला. जेवायला बोलावलं की जेवायचा. टीव्हीकडे पाठ करून बसायचा. ललिताला लॅबमध्येही ते दिसत राहायचं. दाताला रंग देणाऱ्या हाताचा बाप रिकाम्या हातांनी बसला आहे. तिला राक्षसांची काळजी नव्हती. डोळे तिने पाच मिनिटांत काढले असते. पण आता तिने काढले, तर बा पुन्हा कधी ब्रश धरणार नाही, हे तिला कळत होतं. आणि बोहाडा जवळ येत होता.

महिना सरल्यावर एका रविवारी ती चकत्यांना माती चिकटवत बसली होती. पुंजा मागे येऊन उभा राहिला.

"ही माती कुठली?"

"पाकिटातली. ऑनलाइन मागवली."

"माती? इकत?"

"हो."

तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मग पाकिटातली चिमूटभर माती बोटांत चोळून त्याने हुंगली आणि तोंड वाकडं केलं.

"हिला वास पण नाय. माती मी देतो. रंगाला हात नाय लावणार, आधीच सांगतो."

"नको लावूस."

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच मखमलाबादच्या कालव्याच्या कडेने निघाला. येताना रुमालात वारुळाची माती होती. ती त्याने चहाच्या गाळणीने गाळली. नंतर ललिताला नवी गाळणी आणावी लागली. बाभळीची साल, गवताची मुळं, भाताचा कोंडा, सुकवलेली चहापत्ती. फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून तो चकतीवर थेंब सोडायचा आणि वर माती भुरभुरायचा. पहिल्या चार चकत्या त्याने सोलून टाकल्या. माती थापलेली दिसते म्हणे, पडलेली दिसत नाही.

मग जमायला लागलं. एका चकतीवर खळं झालं, मधोमध मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात त्या तिवड्याच्या खांबाची काडी. दुसरीवर ओढ्याचा उतार. तिसरी मधोमध काळी, मग राखाडी, आणि कडेला लाल होती. ती रुद्रने बघितली, आणि तो म्हणाला, "बाप रे! लाव्हा!"

"लाव्हा काय असतं?" पुंजाने विचारलं.

"डोंगरातून आग बाहेर येते ना बाबा, ती."

"आमच्या डोंगराला आम्हीच लावतो. हा राब हाय. पेरणीच्या आधी पालापाचोळा टाकून जमीन भाजतात, तो."

"मग ही राख खरी आहे?"

"मग काय इकत आणू?"

रुद्रने त्या चकतीचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. पुंजाने ते नुसते बघितले. पण त्या दिवशी जेवताना भाकरी मागून घेतली.

"यावर कोण उभं राहणार हाय?" त्याने एकदा विचारलं.

"राक्षस."

"केवढे?"

ललिताने अंगठा दाखवला.

"रंगवलेत?"

"रंगवलेत. बा, ही साल कुठल्या चकतीला?"

त्याने तिच्याकडे बघितलं. मग सालीकडे बघितलं. पुन्हा विचारलं नाही.

लढाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, राक्षस आणि चकत्या जोडायला रुद्र घरी आला. ललिता स्वयंपाकघरात चहा टाकत होती. खोकं आपण स्वतः काढायचं, आधी बापाशी बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. रुद्रला हे सांगायचं मात्र राहून गेलं. त्याने स्टुलावर चढून खोकं काढलं, आणि पुंजाच्या पुढ्यातच उघडलं.

"बघा बाबा! तुमच्या रावणाचाच निळा. ताईने महिना घालवला तो जमवायला!"

ललिता कप घेऊन दारात आली, तेव्हा मोठा राक्षस पुंजाच्या हातात होता. रुद्रला काहीतरी चुकलं एवढं कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं.

पुंजा खिडकीपाशी गेला. राक्षस उजेडात धरला. एक डोळा झाकला. मग दुसरा. चहावर साय धरली.

"तुला हा असाच दिसत होता?" त्याने विचारलं. "बादलीचा?"

"हो."

"तुझे डोळे तर चांगले."

"चांगले आहेत."

"मग माझी चूक कशाला उचललीस?"

ललिताने कप खाली ठेवले. "मला ती चूक कधी वाटलीच नाही, बा. टेंभ्याच्या उजेडात सगळं लाल-पिवळं होतं. देवसुद्धा. मधे तो एकटा निळा यायचा. गार. अंगावर काटा यायचा माझ्या. मी दिवसभर रंगच बघते. दोन पांढऱ्यांतला फरक बघायचा मला पगार मिळतो. मला दिसत होतं, म्हणूनच लावला."

पुंजाने राक्षस फिरवून पाठीमागून बघितला, शिंगांमधून बघितला. मग त्याचं बोट राक्षसाच्या तोंडावर थांबलं.

"डोळे कुठं?"

"ते तुझं काम."

"मी सांगितलं होतं, रंगाला हात नाय लावणार."

"मग उद्या हा घरी बसेल. आंधळा."

"ताई, तुम्ही पटकन काढा ना—" रुद्र म्हणाला. ललिताने त्याच्याकडे एकदाच बघितलं. मग तो अंदाज घेत म्हणाला, "म्हणजे नियमच आहे बाबा. अपुरा असेल तर टेबलावर नाही."

"कोणाचा नियम?"

"आमचाच."

"नियम बरा हाय," पुंजा म्हणाला, आणि टेबलाशी बसला.

ललिताने आपलं लॅबमधलं भिंग त्याच्या कपाळावर बांधलं, दिवा वळवला. ब्रश त्याच्या बोटांत दिला. तो त्याला काडीसारखा हलका वाटत असावा. त्याने जुना डोळा मिटला, नव्याने नेम धरला आणि पांढरा ठिपका ठेवला. रंग पातळ होता. ठिपका घसरून राक्षसाच्या गालावर आला. राक्षस रडल्यासारखा दिसायला लागला.

पुंजाने ब्रश खाली ठेवला. "बघितलंस?"

ललिताने ओल्या ब्रशने तो ओघळ टिपून घेतला. निळ्याला धक्काही लागला नाही. "लॅबमध्ये मी रोज असे पुसते. हं. जरा घट्ट घे."

दुसरा ठिपका जागेवर बसला. मग त्याच्या जोडीचा. मग पुंजाने कुणालाही न विचारता काळा घेतला. बुबुळं काढली. आणि थांबला नाही. डोळ्यांच्या कडेने त्याने केसाएवढी काळी रेघ ओढली. रेघ कुठेही तुटली नाही.

"निळा चुकला नव्हता," तो भिंगामागून म्हणाला. "कडेला काळा नव्हता, ते चुकलं. काळा असता तर बादली वाटला नसता. तूपण नाय दिलास."

"मी तुझं बघून केलं."

"मग मीच चुकलो. पण एवढंच चुकलो."

रुद्रने राक्षस घ्यायला हात पुढे केला.

"थांब. आता खाली ठेवायचा नाय. ललिता, नागली हाय का घरात?"

नागली होती. सूप शेजारून आणावं लागलं. पुंजाने नागली पसरली आणि तिच्यात राक्षस उभा केला. राक्षस तिघांकडे बघत होता. रुद्र जागा बदलून दुसऱ्या बाजूला गेला. तरीही बघत होता.

रविवारी पुंजा सूप काखेत मारून कॅफेचा जिना चढला. खाली काउंटरवरच्या पोराने "काका, धान्य वर नेताय का?" असं विचारलं. "राक्षसांना," पुंजा म्हणाला.

ललिता पहिल्यांदाच टेबलाच्या कडेला बघायला नव्हे, खेळायला उभी राहिली. राक्षस राबावर, खळ्यावर, ओढ्याच्या उतारावर उभे होते. समोर रुद्रचे चिलखतवाले. तिच्या फाशांना काही केल्या चांगलं दान पडेना. दुसऱ्याच फेरीत मोठा राक्षस मेला. रुद्रने त्याला उचललं आणि तो सवयीने मागच्या खुर्चीवर आडवं करायला गेला.

"ए!" पुंजाच्या आवाजाने सगळे दचकले. "खाली नाय! डोळे उघडलेत त्याचे!"

त्याने सूप पुढे केलं. रुद्रने मेलेला राक्षस नागलीत उभा केला. मग बारके मेले, तेही सुपात गेले. मग रुद्रचा एक सरदार मेला. तो हातात धरून रुद्र घुटमळला.

"बाबा, आमचा चालेल का?"

"डोळे हायेत ना त्याला? मग ये."

मेलेले सगळे सुपात उभे राहिले, दोन्हीकडचे, एकमेकांना खांदा लावून. डाव संपायला आला तेव्हा टेबलापेक्षा सुपात गर्दी जास्त होती. ललिता हरली. चांगलीच हरली. पोरं मात्र टेबल सोडून सुपाभोवती जमली होती. एकजण पुंजाला राबाबद्दल विचारत होता, दुसऱ्याला आपल्या ड्रॅगनसाठी जमीन हवी होती.

"ताई, हरलात," रुद्र म्हणाला.

"दिसलं मला," ललिता म्हणाली. ती बापाकडे बघत होती.

पुंजाने खिशातून फोन काढला आणि खिडकीपाशी गेला. तो फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचा, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"सोम्या! रावण पुसून ठेव. नाकावरचा जुना रंग खरवडू नको, मी येतो. ...हां, तोच निळा. ...तोच रे बाबा. कडेला काळा देणार हाय या वेळेला. पोरांना सांग, मागं सरकून बसा."

जिना उतरताना ललिताने सूप घेतलं. राक्षस त्यात हलत होते, पण पडत नव्हते.

"बा, दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायची आहे. डॉक्टर म्हणत होते, पुढच्या आठवड्यात या."

पुंजा पायरीवर थांबला. त्याने एक डोळा झाकून रस्त्याकडे बघितलं, मग दुसरा झाकून.

"बोहाडा झाल्यावर," तो म्हणाला. "तवर हा जुना राहू दे. निळा मिसळायला लागंल."